एका शर्टाची उधारी
जागतिक तयार कपड्यांच्या व्यापारात पैसा कोणाचा अडकतो आणि जोखीम कोण वाहतो?

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा. यांपैकी अन्न बहुतांशी जवळपास पिकते आणि निवारा तर जागचा हलतही नाही. वस्त्र मात्र जगभर फिरते. एका देशात पिकलेल्या कापसाचे सूत दुसऱ्या देशात काढले जावे, त्याचे कापड तिसऱ्या देशात शिवले जावे आणि तयार शर्ट चौथ्या देशातील दुकानात लटकावा, हा आज नित्याचा क्रम झाला आहे. तयार कपड्यांची जागतिक निर्यात वर्षाला ५०० अब्ज डॉलरच्या पुढे गेलेली आहे. एकेका देशाचा विचार केल्यास तीत सर्वांत मोठा, सुमारे तीस टक्क्यांचा वाटा चीनचा आहे. बांगलादेश आणि व्हिएतनाम हे त्याच्या मागोमाग येतात. भारताचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

शर्टाच्या कॉलरमागील पट्टीवर तो कोणत्या देशात शिवला, कोणत्या धाग्याचा आहे आणि कसा धुवावा, हे सारे लिहिलेले असते. एक गोष्ट मात्र तेथे नसते. कापड खरेदी झाल्यापासून शर्ट विकला जाईपर्यंत कित्येक महिने जातात. तेवढा काळ त्या शर्टात कोणाचा पैसा अडकून पडला होता आणि शर्ट विकलाच गेला नसता तर कोणाचे नुकसान झाले असते? वस्त्रव्यापाराची चर्चा बहुधा स्वस्त मजुरी आणि बदलती फॅशन यांभोवती फिरते. परंतु या उद्योगाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत बँकेच्या कागदांचा वाटाही तेवढाच मोठा आहे. शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

कोट्यांचे जग

१९७४ मध्ये मल्टी-फायबर अरेंजमेंट हा करार अमलात आला. आशियातील स्वस्त कपड्यांच्या लोंढ्यापासून आपल्या गिरण्यांचे रक्षण करावे, या हेतूने अमेरिका आणि युरोपातील देशांनी प्रत्येक निर्यातदार देशाला कोटा ठरवून दिला. अमुक देशाने वर्षाला अमुक इतकेच शर्ट पाठवावेत, असे त्याचे स्वरूप होते. या व्यवस्थेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. दक्षिण कोरिया, हाँगकाँग, तैवान यांचे कोटे भरल्यानंतर तेथील उद्योजक ज्या देशांवर अद्याप बंधन नाही, असे देश शोधू लागले. ज्यांच्या विरोधात कुंपण घातले होते, त्यांनीच हा उद्योग नव्या देशांत नेऊन पोहोचविला.

त्या काळी बांगलादेशात निर्यातीसाठी कपडे शिवणारे कारखाने जवळजवळ नव्हतेच. ताग हेच तेथील मुख्य निर्यातद्रव्य होते. १९७८ मध्ये नूरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याच्या 'देश गारमेंट्स' या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. त्यानुसार १९७९ मध्ये 'देश'चे १३० कर्मचारी सुमारे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कोरियातील बुसान शहरी गेले. १९८० मध्ये चितगावच्या कारखान्यात काम सुरू झाले. पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट तयार झाले. १९८७ मध्ये हाच आकडा २३ लाखांवर गेला.

याहून महत्त्वाचे असे काही कारखान्याबाहेर घडले. बुसानला जाऊन आलेल्या १३० जणांपैकी ११५ जण १९८७ पर्यंत 'देश' सोडून गेले. त्यांतील कोणी स्वत:चे कारखाने काढले, कोणी इतरांच्या नव्या कारखान्यांत गेले. एका कंपनीचे हे नुकसान होते, परंतु त्यातून एका देशाचा उद्योग उभा राहिला.

पतपत्राच्या आधारे पतपत्र

कौशल्य आले, तरी भांडवलाचा प्रश्न उरतोच. शर्टाच्या किमतीतील मोठा हिस्सा कापडाचा असतो. ते कापड त्या वेळी बांगलादेशात बनत नव्हते आणि आयात करण्यासाठी लागणारे परकीय चलन देशाकडे नव्हते. या अडचणीतून मार्ग काढण्याचे श्रेय ज्या दोन सोयींना दिले जाते, त्यांत पहिली सोय बँकेची होती.

पतपत्र, म्हणजे व्यापाराच्या नित्य बोलीतील 'एलसी', वाचकांच्या परिचयाचे असेल. ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत सादर केल्यास मालाचे पैसे देण्याचे वचन खरेदीदाराची बँक त्याद्वारे विक्रेत्याला देते. चितगावच्या शिलाई कारखान्याकडे परदेशी खरेदीदाराचे असे पतपत्र आले, की त्याच्या आधारावर कारखान्याची बँक कापड पुरविणाऱ्याच्या नावे दुसरे पतपत्र उघडून देई. यालाच 'बॅक-टू-बॅक एलसी' असे म्हणतात.

समजा, एक लाख डॉलरच्या शर्टांची मागणी आली आणि त्यासाठी सत्तर हजार डॉलरचे कापड व बटणे लागणार आहेत. कारखानदाराने हे सत्तर हजार खिशातून घालावयाचे नाहीत. दुसऱ्या पतपत्रान्वये कापडवाल्याला काही महिन्यांच्या मुदतीने पैसे मिळावयाचे असतात. तोवर शर्ट शिवून रवाना होतात, पहिल्या पतपत्राचे एक लाख डॉलर येतात, त्यांतून बँक कापडाचे पैसे चुकते करते आणि उरलेले तीस हजार कारखान्याच्या खात्यात जमा होतात. मजुरी, वीज, वाहतूक आणि नफा हे सारे त्या तीस हजारांतच बसवावयाचे.

दुसरी सोय सीमाशुल्काची होती. निर्यातीसाठी आणलेले कापड आयातशुल्क न भरता सरकारी देखरेखीखालील गोदामात ठेवण्याची मुभा मिळाली. या दोन सोयींमुळे फारसे भांडवल हाती नसलेल्या माणसालाही यंत्रे भाड्याच्या जागेत मांडून निर्यातदार होणे शक्य झाले. बँकेच्या वचनावर उभ्या राहिलेल्या या उद्योगात पुढे सुमारे चाळीस लाख कामगारांना काम मिळाले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. देशाच्या एकूण निर्यातीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा झाला.

कोटे गेले, भाकिते चुकली

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर १९९५ पासून कोटे टप्प्याटप्प्याने उठविण्यात आले आणि १ जानेवारी २००५ रोजी ते पूर्णपणे संपले. आता चीन सारा बाजार गिळंकृत करणार आणि कोट्याच्या आडोशाने वाढलेला बांगलादेश कोसळणार, असे भाकीत अनेकांनी केले होते. पहिल्या भागात तथ्य होते. २००५ च्या उन्हाळ्यात चिनी कपड्यांचा ओघ इतका वाढला, की युरोपीय संघाने घाईने नव्या मर्यादा घातल्या आणि कोट्यवधी स्वेटर, विजारी व अंतर्वस्त्रे युरोपच्या बंदरांत अडकून पडली.

भाकिताचा दुसरा भाग मात्र साफ चुकला. बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात २००४-०५ या वर्षात सुमारे ६.४ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती ३९ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. युरोपीय संघाने २००१ पासून अल्पविकसित देशांच्या मालाला करमुक्त प्रवेश दिला होता. २०११ मध्ये नियम आणखी सैल झाले आणि बाहेरून आणलेल्या कापडाचे केवळ शिवलेले कपडेही या सवलतीस पात्र ठरले. चीनमधील मजुरी वाढत गेल्याने खरेदीदारही पर्याय शोधत होतेच.

फॅशनचा वेग

याच सुमारास खरेदीदारांच्या बाजूनेही मोठा बदल घडत होता. पूर्वी युरोप-अमेरिकेतील दुकाने उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन मुख्य हंगामांची खरेदी कित्येक महिने आधी करून ठेवीत. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातून निघालेल्या झारा या नाममुद्रेने हे वेळापत्रक मोडले. अमान्सिओ ओर्तेगा यांनी १९७५ मध्ये ला कोरुन्या शहरात तिचे पहिले दुकान उघडले. फॅशनचे कपडे स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या देशांत थोड्या संख्येने शिवून घ्यावयाचे, दुकानात काय खपते हे रोज पाहावयाचे आणि त्यानुसार पुढचा माल मागवावयाचा, ही त्यांची रीत. नवा नमुना काही आठवड्यांत दुकानात येऊ लागला.

पुढे शीन या चिनी वंशाच्या कंपनीने याच विचाराला इंटरनेटची जोड दिली. एका नमुन्याचे शे-दोनशे नग शिवून घ्यावयाचे, ग्राहकांचा प्रतिसाद पाहावयाचा आणि खपला तरच अधिक शिवावयाचे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या टपाली मालावर आयातशुल्क नव्हते, याचा या व्यापाराला मोठा लाभ झाला. २०२५ मध्ये अमेरिकेने ही सवलत बंद केली, प्रथम चिनी मालासाठी आणि नंतर सर्वच देशांसाठी.

या पद्धतीत न खपलेल्या मालाचा ढीग कमी होतो, हे खरे. परंतु उद्या किती काम येईल हे अनिश्चित असताना यंत्रे आणि कामगार सज्ज ठेवण्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतोच. तो खर्च बहुधा शिवणाऱ्याच्या माथी येतो.

बँकेचे वचन मागे पडले

वेग वाढला तशी पैसे देण्याची पद्धतही बदलली. पतपत्रासाठी खरेदीदाराला आपल्या बँकेकडे पतमर्यादा अडकवावी लागते आणि शुल्कही द्यावे लागते. मोठ्या खरेदीदारांनी हळूहळू पतपत्राऐवजी साध्या विक्रीकरारावर व्यवहार सुरू केले. माल पाठवा, ठरावीक दिवसांनी पैसे देऊ, असा हा खुल्या खात्याचा व्यवहार, म्हणजे सरळ उधारी. वाण्याच्या दुकानात उधारी गरजू गिऱ्हाईक घेते. येथे जगातील बलाढ्य कंपन्यांना ढाक्याचा वा तिरुपूरचा कारखानदार उधार माल देऊ लागला.

बांगलादेशात याचा परिणाम अधिक गंभीर झाला. तेथील बँका आता पतपत्राऐवजी नुसत्या विक्रीकराराच्या आधारेही कापडासाठी बॅक-टू-बॅक पतपत्र उघडू लागल्या. पूर्वीच्या उदाहरणातील दोन वचनांपैकी पहिले, म्हणजे परदेशी बँकेचे वचन, गळून पडले. कापडवाल्याला दिलेले दुसरे वचन मात्र कायम राहिले. खरेदीदाराने पैसे थकविले, तरी बँकेला मुदतीच्या दिवशी कापडाचे पैसे द्यावेच लागतात आणि तेवढी रक्कम कारखानदाराच्या नावे कर्ज म्हणून टाकावी लागते. तेथील बँक व्यवहारात या कर्जाला 'फोर्स्ड लोन' असेच नाव आहे. कारखानदाराने न मागितलेले हे कर्ज असते.

राणा प्लाझा

ज्याच्याकडे माल पोहोचविण्याची तारीख आहे, परंतु पैशाची खात्री नाही, असा कारखानदार दिवस वाया जाऊ देण्यास धजत नाही. ढाक्याजवळील सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीच्या दुर्घटनेकडे या दृष्टीनेही पाहावे लागते. तेथे खालच्या मजल्यांवर दुकाने व एका बँकेची शाखा होती आणि वरच्या मजल्यांवर कपड्यांचे पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेल्याचे दिसून आले. बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठविले आणि शाखा बंद ठेवली. कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावण्यात आले. महिनाअखेर जवळ आली होती. न आल्यास पगार मिळणार नाही, असे बजावले गेल्याचे वाचलेल्या अनेक कामगारांनी सांगितले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतर काही आठवड्यांतच युरोपीय खरेदीदार आणि कामगार संघटना यांच्यात आग व इमारत सुरक्षेबाबतचा 'अकॉर्ड' हा कायदेशीर बंधन असलेला करार झाला. हजारो ठिकाणी तपासण्या झाल्या, जिने, दरवाजे आणि विजेच्या तारा बदलल्या गेल्या आणि कारखाने पूर्वीपेक्षा निश्चितच सुरक्षित झाले. पीडितांसाठी उभारलेल्या निधीत ठरलेले तीन कोटी डॉलर जमा होण्यास मात्र जून २०१५ उजाडला. कामगारांचे किमान मासिक वेतन २०१३ मध्ये ३,००० वरून ५,३०० टाका, २०१८ च्या अखेरीस ८,००० आणि २०२३ च्या अखेरीस १२,५०० टाका झाले.

मार्च २०२०

उधारीतील धोका जगाला पूर्णपणे उमगला तो करोनाच्या साथीत. युरोप-अमेरिकेतील दुकानांना कुलपे लागताच खरेदीदारांनी मागण्या रद्द केल्या वा पुढे ढकलल्या. काही माल शिवून तयार होता, काही जहाजावर चढलेला होता. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्यांना याचा फटका बसल्याचे तेथील कारखानदारांच्या संघटनेने जाहीर केले. करारांतील दैवी आपत्तीच्या कलमाचा आधार अनेकांनी घेतला. काही मोठ्या कंपन्यांनी मार्चअखेरीसच तयार झालेला आणि तयार होत असलेला माल स्वीकारण्याचे मान्य केले. इतरांपैकी काहींनी जनमताच्या दबावाने पुढे तोच मार्ग धरला.

बांगलादेश सरकारने निर्यातदारांना कामगारांचे पगार देता यावेत म्हणून ५,००० कोटी टाकांचा कर्जनिधी उभारला. पगार कामगाराच्या स्वत:च्या बँक किंवा मोबाइल खात्यात थेट जमा झाला पाहिजे, अशी अट घातली गेली. परिणामी एप्रिल २०२० मध्ये अवघ्या काही आठवड्यांत लाखो कामगारांची मोबाइल खाती उघडली गेली. संकटातून झालेले हे एक चांगले काम होय. तरीही ते पैसे कर्जाचे होते आणि फेडावयाचे होते कारखानदाराने. मागणी रद्द केली खरेदीदाराने आणि कर्ज झाले शिवणाऱ्याच्या नावावर.

तिरुपूरचा अनुभव

ज्या १९७८ मध्ये चितगावचा करार झाला, त्याच वर्षी इटलीचा एक आयातदार मुंबईच्या निर्यातदारांमार्फत पांढऱ्या टी-शर्टांच्या शोधात तमिळनाडूतील तिरुपूरला पोहोचला, असे त्या शहराच्या निर्यातीच्या आरंभाविषयी सांगितले जाते. तोवर बनियनसाठी ओळखले जाणारे हे गाव आज भारताच्या विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक निर्यात करते. त्याची घडण मात्र वेगळी आहे. येथे विणणारा एक, रंगविणारा दुसरा, छपाई करणारा तिसरा आणि शिवणारा चौथा असतो. तयार कपड्यांचा उद्योग भारतात दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होता. हे आरक्षण २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणानंतर विणमालाखेरीज इतर कपड्यांसाठी उठले आणि २००५ मध्ये विणमालासाठीही उठविण्यात आले. चीन वा बांगलादेशासारखे अवाढव्य कारखाने भारतात कमी का, याचे एक कारण येथे सापडते.

अशा साखळीत निर्यातदाराचे पैसे लांबले, की रंगाऱ्याचे आणि शिलाईवाल्याचेही लांबतात. जानेवारी २०११ मध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा सारे शहर अडखळले. सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर न सोडण्याची यंत्रणा उभारून ते सावरले. नदी स्वच्छ ठेवण्याचा हा खर्चही शर्टाच्या किमतीत स्वतंत्रपणे कोणी मोजून देत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के अतिरिक्त शुल्क लावले. भारताच्या तयार कपड्यांच्या निर्यातीपैकी सुमारे एक तृतीयांश माल अमेरिकेला जात असल्याने तिरुपूरमधील अनेक मागण्या थांबल्या. शुल्काचे दर पुढेही स्थिर राहिले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्यातकर्जाची मुदत ४५० दिवसांपर्यंत वाढविण्याची आणि अडचणीतील निर्यातदारांना हप्ते लांबवून देण्याची मुभा दिली. निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदतही नऊवरून पंधरा महिने झाली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने निर्यातदारांच्या कर्जासाठी २० हजार कोटी रुपयांची हमी योजना मंजूर केली. बांगलादेशापुढेही मोठे आव्हान आहे. तो देश अल्पविकसित गटातून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२१ मध्ये २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवून दिली होती. या गटातून बाहेर पडणे म्हणजे युरोपातील करमुक्त प्रवेशावर, सवलतीचा काळ सरल्यानंतर, पाणी सोडण्याची तयारी ठेवणे होय.

बँक आणि ग्राहक

या साऱ्यातून बँक कर्मचारी आणि उद्योजक ग्राहक यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे मागणीपत्राच्या रकमेइतकेच त्यातील बारीक अक्षरांतील अटींकडे लक्ष द्यावे. मागणी रद्द झाल्यास तयार मालाचे काय? उशीर झाल्यास विमानभाडे कोणी भरावयाचे? पैसे माल रवाना झाल्यापासून किती दिवसांनी? केवळ खरेदीदाराचे नाव मोठे आहे, म्हणून त्याचे विक्रीपत्र पतपत्राच्या बरोबरीचे ठरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उधारीतील जोखीम वाटून घेण्याची साधने उपलब्ध आहेत आणि ती वापरली पाहिजेत. निर्यात पतहमी देणारी ईसीजीसी ही संस्था १९५७ पासून हेच कार्य करीत आहे. देशांतर्गत व्यवहारात सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने २०१७ पासून सुरू झालेल्या 'ट्रेड्स' मंचांवर लघुउद्योजकाला मोठ्या खरेदीदाराने मान्य केलेले बिल वटवून पैसे लवकर मिळविता येतात. इचलकरंजी, भिवंडी वा मालेगावच्या यंत्रमागधारकालाही याचा उपयोग आहे.

तिसरी गोष्ट आकड्यांत बसणारी नाही. राणा प्लाझातील बँकेने त्या दिवशी आपली माणसे वाचविली, तो निर्णय योग्यच होता. परंतु कर्जाच्या प्रकरणात जेव्हा एखाद्या कारखान्याची यंत्रे, साठा आणि येणी तपासली जातात, तेव्हा अधिकारी त्याच इमारतीत जाऊन येतो, तेच जिने चढतो. भिंतीवरील तडा, कुलूप घातलेला मागचा दरवाजा, जिन्यात रचलेल्या कापडाच्या गाठी त्यालाही दिसतात. तपासणी अहवालात त्यांची नोंद करण्यासाठी आणखी एक ओळ लागते. ती ओळ लिहिली गेलीच पाहिजे.